अकरावं नाव

घाडीकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मैदानाच्या कडेला चिंचेखाली बसून हवेत बोट फिरवत होते. मॅच सुरू व्हायला अजून तासभर होता. खेळपट्टीवर कुणी नव्हतं, मॅटिंगसुद्धा अंथरलं नव्हतं, आणि हा पन्नाशीला टेकलेला माणूस कुणीच न टाकलेल्या चेंडूमागे मान वळवत होता. मी शेजारी जाऊन उभा राहिलो तरी त्यांना पत्ता नाही. शेवटी स्वतःशीच म्हणाले, "गेलो. मिडॉफाच्या डोक्यावरसून गेलो." काय गेलं, कुणाच्या डोक्यावरून गेलं, देव जाणे. या माणसापासून चार हात लांब राहायचं, असं मी तेव्हाच ठरवलं. पुढची बारा वर्षं मी त्यांच्या शेजारी बसूनच काढली.

आमचा क्लब म्हणजे उदय स्पोर्ट्स, बोरीवली पूर्व. मी त्याचा कॅप्टन. कॅप्टन म्हणजे फार काही मोठं समजू नका, किटबॅग माझ्या घरी पलंगाखाली असे एवढंच. आठवडाभर टेलिफोन खात्यात लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि रविवारी पांढरी पॅंट घालून मैदानावर हजर व्हायचं. पश्चिम उपनगर रविवार लीगमध्ये दहिसरपासून अंधेरीपर्यंतचे क्लब होते, आणि आम्ही सी डिव्हिजनमध्ये होतो. मैदान नॅशनल पार्कच्या अंगाला. डिसेंबरात सकाळी आठ वाजता मैदानाचा अर्धा भाग धुक्यात असायचा. लाँगऑनला उभा केलेला माणूस दिसायचा नाही, त्याचा खोकला तेवढा ऐकू यायचा. मग ऊन वर येई, धुकं डोंगराकडे सरकत जाई, आणि माणसं एकेक करून परत उगवल्यासारखी दिसायला लागत. घाडीकाका हे बघत बसायचे. त्यांना विचारलं, काका, काय बघताय, तर म्हणायचे, "कोण कोण इलो ता बगतंय."

नाव राजाराम घाडी. मूळ गाव कणकवलीच्या आसपास. सतराव्या वर्षी मुंबईला येऊन परळच्या एका मिलमध्ये फोल्डिंग खात्यात लागले आणि चाळीस वर्षं कापडाच्या घड्या घातल्या. मग संप झाला. तो कसा सुरू झाला ते सगळ्यांना माहीत आहे, संपला कधी ते कुणालाच माहीत नाही. काका घरी बसले ते बसलेच. काजूपाड्याच्या चाळीत सुगंधाकाकू ब्लाउज शिवायच्या आणि काका खिडकीशी बसून क्रिकेट बघायचे. खिडकीतून क्रिकेट दिसत नसे. समोर दुसरी चाळ होती.

ते आमचे स्कोअरर होते. त्यांच्याकडे दोन पुस्तकं असायची. एक क्लबचं लांबडं स्कोअरबुक, ज्यात त्यांनी बारा वर्षांत एकदाही खाडाखोड केली नव्हती. प्रत्येक चेंडूला एक टिंब, आणि टिंब असं गोल आणि सारखं, की काळे मणी ओवावेत तसं पान दिसे. दुसरी होती शंभरपानी वही, वर जहाजाचं चित्र असलेली. रविवारी संध्याकाळी घरी गेले की काका त्या वहीत तीच मॅच पुन्हा लिहायचे, पण त्यांना दिसली तशी. उजेड गेल्यामुळे अर्धवट राहिलेली मॅच तिथे पूर्ण व्हायची. त्या वहीत कुणीही एकोणपन्नासवर आऊट होत नसे. त्या वहीप्रमाणे आम्ही एकोणऐंशी सालीच ए डिव्हिजन जिंकली होती आणि मी त्या फायनलमध्ये शतक काढलं होतं. प्रत्यक्षात त्या वर्षी माझा सर्वांत मोठा स्कोअर एकतीस. आम्ही पोरं त्यांची खूप थट्टा करायचो. "काका, आज घरी गेल्यावर मला जरा दोन सिक्स मारू द्या ना." काका गंभीरपणे म्हणायचे, "बगूया. तुजो पाय फुडे येत नाय."

त्यांचा जीव होता तो जयवंतवर. जयवंत मेस्त्री आमचा डावखुरा फिरकी गोलंदाज, वय चोवीस. तोही मिलवाला, बदली कामगार, संपानंतर रिकामा. मिळेल ते काम करायचा, आज रंगाऱ्याच्या हाताखाली, उद्या कुणाच्या दुकानात. पण चेंडू हातात आला की त्याची सगळी घाई संपायची. चार पावलं चालत यायचा. चेंडू हातातून सुटायचा आणि वर जाऊन थांबायचा. खरंच थांबायचा, मी विकेटकीपर होतो, मी सांगतो. समोरचा फलंदाज बॅट उगारून वाट बघत राही, आणि मला स्टंपामागे पार्कातल्या पक्ष्यांचे आवाज ऐकू येत. मग चेंडू खाली येई आणि काहीतरी वाईट घडे. जयवंतची ओव्हर सुरू झाली की काकांची पेन्सिल थांबायची. टिंबं राहून जायची. ओव्हर संपल्यावर समोरच्या क्लबच्या स्कोअररला विचारून ते भरायचे आणि वर ओशाळून म्हणायचे, "माजो डोळो लागलो जरा." डोळा कसला लागतोय. एवढे टक्क उघडे डोळे मी दुसऱ्या कुणाचे पाहिले नाहीत.

आता मुद्द्याची गोष्ट, म्हणजे नियम क्रमांक चौदा. आमच्या लीगचं एक हिरव्या कव्हराचं पुस्तक होतं. त्यात लिहिलं होतं की एका हंगामात एका क्लबकडून दोन किंवा अधिक सामने खेळलेल्या खेळाडूला त्या हंगामात दुसऱ्या क्लबकडून खेळता येणार नाही. एकच सामना खेळला असेल तर जुन्या क्लबचं ना-हरकत पत्र घेऊन एकतीस डिसेंबरपर्यंत ट्रान्सफर मिळेल. आणि पुढे एक वाक्य होतं: नाणेफेकीपूर्वी पंचांना दिलेल्या यादीत ज्याचे नाव आहे, तो तो सामना खेळला असे समजले जाईल.

हे शेवटचं वाक्य घाडीकाकांचं. शहात्तर साली नियम नव्याने लिहायला जी कमिटी बसली, तिच्यात ते होते, आणि या एका वाक्यासाठी त्यांनी तीन मीटिंगा खाल्ल्या म्हणे. त्याचं कारण मला त्यांनी एकदाच सांगितलं. एकावन्न साली मिलच्या खात्याखात्यांच्या मॅचेस व्हायच्या. फोल्डिंगचा एक माणूस आला नाही म्हणून राजाराम घाडीला उभं केलं. दिवसभर उन्हात उभे राहिले. बॅटिंग आली नाही, बॉलिंग कुणी दिली नाही, चेंडू एकदाही त्यांच्याकडे फिरकला नाही. फोल्डिंग जिंकलं. पण स्कोअर लिहिणाऱ्याने ज्यांनी बॅटिंग केली आणि ज्यांनी बॉलिंग केली त्यांचीच नावं लिहिली. पुढे खात्यात कुणीतरी म्हणालं, तू कुठे होतास रे, तू कधी खेळलास? पुस्तक आणून बघितलं तर खरंच, घाडी कुठेच नव्हता. "दिवसभर हुबो होतंय, अनंता," काका मला म्हणाले, "आणि कागदार मी थंय नव्हतंय." त्यानंतर त्यांना कुणी खेळवलं नाही आणि त्यांनी पेन्सिल हातात घेतली. दर वर्षी लीगमध्ये क्लबच्या पंचवीस खेळाडूंची नोंदणी करावी लागे. पंचविसावं नाव काका स्वतःचं घालायचे. आम्ही कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्र्याऐंशीचा हंगाम सुरू झाला तेव्हा सगळीकडे नुसता उत्साह होता. जूनमध्ये आपण वर्ल्ड कप जिंकलेला. मालाडपासून बोरीवलीपर्यंत ज्याला त्याला क्रिकेट खेळायचं होतं, आणि आमच्याकडे मात्र रविवारी सकाळी अकरा माणसं जमायची मारामार. सोळा ऑक्टोबरला पहिली मॅच झाली, जयवंतने पाच विकेट घेतल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याला गावाहून तार आली. वडील अंथरुणाला खिळले होते. तो गेला तो दोन महिने आलाच नाही.

अकरा डिसेंबरला मालाडच्या एका क्लबाशी मॅच होती. पंच टॉससाठी घड्याळ बघत होते आणि आमची माणसं दहा. आमच्यासारख्या क्लबांत अशा वेळी एक पद्धत होती. यादीत अकरावं नाव लिहून टाकायचं, मागून जो येईल तो त्या नावाने उभा राहील. कुणी मागून यायचा, कुणी नाही यायचा. सगळेच करायचे. मी पॅड बांधता बांधता ओरडलो, "काका, अकरावं कुणाचंही टाका हो, येईल कुणीतरी!" काकांनी यादी लिहून समोर धरली. मी न वाचताच सही ठोकली आणि पंचांच्या हातात दिली.

आमची बॅटिंग आधी झाली. आठ विकेट पडल्या, दहाव्या माणसापर्यंतच काम भागलं. मागून कुणी आलं नाही. फिल्डिंगला दहाच जण, म्हणून मी मालाडच्या कॅप्टनला विचारलं, आमचे काका उभे राहिले तर चालेल का? तो हसला आणि म्हणाला, राहू देत की. अठ्ठावन्न वर्षांचे घाडीकाका पुस्तक मालाडच्या स्कोअररकडे सोपवून, चपला काढून, पॅंट घोट्यापर्यंत दुमडून फाईन लेगला जाऊन उभे राहिले. पाठीमागे डोंगर, समोर सगळं मैदान. चाळीस ओव्हर. दर ओव्हरला ते या टोकाहून त्या टोकाला चालत जायचे, लग्नातल्या पाहुण्यासारखे सावकाश, इकडेतिकडे बघत. शेवटून तिसऱ्या ओव्हरमध्ये एक चेंडू त्यांच्या दिशेने सुसाट गेला. काका त्या वेळी डोंगराकडे बघत होते असं माझं स्पष्ट मत आहे. मी बोंबललो. काका वळले, आणि चेंडू त्यांच्या नडगीवर बसला आणि तिथेच मेला. चार जायचे ते एकच धाव गेली. आम्ही मॅच दोन धावांनी जिंकली.

बारा दिवसांनी जयवंत परत आला. वडील गेले होते. डोक्यावर जेमतेम उगवलेले केस, आणि हातात एक कागद. येतायेताच अंधेरीच्या एका क्लबचा माणूस त्याला भेटला होता. तो क्लब ए डिव्हिजनचा. त्यांचा डावखुरा स्पिनर हंगाम अर्ध्यावर टाकून दुबईला निघून गेला होता. क्लबच्या अध्यक्षांची मरोळला बेअरिंगची फॅक्टरी होती, तिथे स्टोअरमध्ये कायम नोकरी, एक जानेवारीपासून. अट एकच, उरलेला हंगाम त्यांच्याकडून खेळायचा. जयवंतच्या मागे आई आणि दोन बहिणी. मी तिथल्या तिथे ना-हरकत पत्र लिहून दिलं. जड गेलं, नाही म्हणत नाही. असा बॉलर पुन्हा मिळणार नव्हता.

दुसऱ्याच दिवशी फॉर्म परत आला. लीगच्या ऑफिसात कुणीतरी याद्या चाळल्या होत्या. शेरा होता: चालू हंगामात उदय स्पोर्ट्सकडून दोन सामने, दिनांक सोळा ऑक्टोबर व अकरा डिसेंबर. नियम चौदानुसार नामंजूर.

रविवारी पंचवीस तारीख होती, मॅच नव्हती. तरी आम्ही तिघं मैदानावर जमलो, सवयीने. धुकं अजून हललं नव्हतं. जयवंतने कागद काकांच्या मांडीवर ठेवला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने अगदी हळू विचारलं, "काका, अकरा तारखेला मी बाबांच्या उशाशी होतो. त्यांना चमच्याने पेज भरवत होतो. मग मी इथे कसा काय खेळलो?"

काका कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू थंय होतस, जयवंता. माका दिसत होतस. यादी लिवताना तू सायटस्क्रीनकडसून येत होतस."

"पण मी नव्हतो ना काका."

"नाय. तू नव्हतस."

एवढंच बोलणं झालं. मला सगळं एकदम उमगलं. मी म्हटलं होतं कुणाचंही टाका, आणि त्यांच्या हाताला ज्या नावाची सवय होती, दर रविवारी संध्याकाळी जहाजाच्या वहीत जे नाव ते लिहीत होते, तेच लिहिलं गेलं. दोन महिने जयवंत त्या वहीत दर रविवारी बॉलिंग करत होता. एका वहीतलं नाव दुसऱ्या पुस्तकात सांडलं.

जयवंत उठून निघाला. "राहू द्या काका. नशीब," असं म्हणाला आणि धुक्यातून स्टेशनच्या दिशेने चालू लागला. तो दिसेनासा होईपर्यंत काका बघत होते.

"शुक्रवारी कमिटीची मीटिंग आसा," काका म्हणाले. "मी जातंय. सांगतंय, नाव खोटा लिवलंय."

माझा पारा चढला. मी म्हणालो, "काका, डोकं ठिकाणावर आहे का? खोटी यादी दिली म्हणून जिंकलेली मॅच काढून घेतील. आपण आधीच तळाला आहोत, सरळ डी डिव्हिजनमध्ये जाऊ. आणि यादी लिहिणाऱ्यावर बंदी येते, तुम्हीच लिहिलाय ना तो नियम? तुमच्या हातातलं पुस्तक जाईल. तुम्ही करणार काय मग रविवारी? जयवंत पुढच्या हंगामात जाईल की अंधेरीला!"

"फुडच्या वर्साक तेंका दुसरो कोणतरी गावतलो," काका म्हणाले. "नोकरी काय ह्येच्यासाठी थांबतली?"

मग मांडीवरच्या कागदाची घडी घालत ते म्हणाले, "अनंता, मी थंय हुबो होतंय, तर कागदार नव्हतंय. हो थंय नव्हतो, तर कागदार आसा. दोनय खोटाच. एक तरी माका पुसूक येता."

शुक्रवारी, तीस डिसेंबरला संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर गोरेगावला गेलो. लीगचं ऑफिस एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत होतं. सचिव शरच्चंद्र वैद्य, उभं आयुष्य कोर्टात शिरस्तेदार म्हणून गेलेलं, चष्म्यावरून बघायची सवय. काकांनी उभं राहून सांगितलं, जेवढं जमेल तेवढं शुद्ध मराठीत. "अकरा डिसेंबरच्या यादीत अकरावं नाव मी खोटं लिहिलं. जयवंत मेस्त्री मैदानावर नव्हता. त्याचं नाव काढावं."

वैद्यांनी ती यादी शोधून टेबलावर ठेवली. "खाली कॅप्टनची सही आहे. कॅप्टनला हे माहीत होतं?"

खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणाचंही टाका, असं मीच म्हणालो होतो. ते चार शब्द सांगायला मला किती वेळ लागला असता? पण बंदी माझ्यावरही आली असती, आणि मी बत्तीस वर्षांचा होतो, माझे अजून चार-पाच हंगाम उरले होते. मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिलो. मला त्याची आजही लाज वाटते.

"कॅप्टन वाचत नाहीत, साहेब," काका म्हणाले. "माझ्या अक्षरावर विश्वास ठेवून सही करतात. बारा वर्षं ठेवलाय."

वैद्यांनी मान हलवली. मग त्यांनी लाल पेन घेऊन जयवंतचं नाव खोडलं आणि पेन तसंच धरून थांबले. "आता अकरावा कोण? तुमच्या क्लबकडून अकरावा माणूस मैदानात होता, की दहाच होते? मला नोंद पुरी करावी लागेल."

इतका वेळ सरळ बोलणारा माणूस एकदम घुटमळला. मग हळूच म्हणाले, "मी हुबो होतंय."

"तुम्ही?" वैद्य चष्म्यावरून बघत राहिले. "पुरावा?"

काका खाली वाकले आणि डाव्या पायाची पॅंट गुडघ्यापर्यंत वर केली. नडगीवर चेंडूएवढा डाग होता, कडेला पिवळा, मध्ये अजून जांभळट. एकोणीस दिवस होऊन गेले होते. कुणीतरी फिसकन हसलं. वैद्य हसले नाहीत. त्यांनी उठून नोंदणीचं रजिस्टर काढलं, उदय स्पोर्ट्सचं पान उघडलं आणि बोट खाली खाली नेलं. पंचविसावं नाव, राजाराम घाडी. मागच्या वर्षीचं पान, तिथेही. त्याच्या मागचं, तिथेही. त्यांनी रजिस्टर मिटलं आणि खोडलेल्या नावापुढे लाल शाईत स्वतःच्या हाताने ते नाव लिहिलं.

मग निकाल दिला. जयवंत मेस्त्रीची ट्रान्सफर मंजूर. खोटी यादी दिल्याबद्दल अकरा डिसेंबरचा सामना मालाडच्या क्लबला बहाल. यादी लिहिणाऱ्या स्कोअररला दोन हंगाम कुठल्याही सामन्याचं पुस्तक हातात धरायला बंदी. काकांनी नमस्कार केला आणि स्कोअरबुक पिशवीतून काढून माझ्याकडे दिलं. जिना उतरताना ते काहीतरी गुणगुणत होते.

जयवंत एक जानेवारीला अंधेरीकडून मैदानात उतरला. सात विकेट घेतल्याचं मला वर्तमानपत्रातल्या बारीक छपाईत दिसलं. सोमवारी तो मरोळच्या फॅक्टरीत रुजू झाला. आम्ही मार्चमध्ये त्या एका मॅचच्या गुणांनी डी डिव्हिजनमध्ये घसरलो. क्लबातल्या दोघांनी काकांशी बोलणंच टाकलं. मीही फार बोलत नव्हतो. वरवर मी डिव्हिजन गेली म्हणून रागावलो होतो. खरं म्हणजे त्यांच्यासमोर उभं राहायची मला हिंमत होत नव्हती. काका मात्र दर रविवारी चिंचेखाली येऊन बसायचे, रिकाम्या हातांनी. स्कोअर आता कुणीही लिहायचं, टिंबं कशीही पडायची. काका मांडीवर बोटाने टिंबं देत राहायचे.

एप्रिलमध्ये लीगचं वार्षिक पुस्तक छापून आलं. त्यात दर क्लबच्या प्रत्येक खेळाडूची नोंद असे. उदय स्पोर्ट्सच्या यादीत शेवटी होतं: राजाराम घाडी, सामने एक, धावा नाहीत, बळी नाहीत. मी एक प्रत घेतली आणि रविवारी दुपारी काजूपाड्याला गेलो. वाटेत दोनदा थांबलो.

काका खाटेवर झोपले होते, तोंडावर हात ठेवून. खिडकीतून ऊन येऊन त्यांच्या पायांवर पडलं होतं. काकू मशीनवरून उठल्या. मी पुस्तक उघडून ती ओळ दाखवली. काकूंना वाचता येत नव्हतं, त्यांनी नुसतं बोट फिरवलं. मग कपाटावरून जहाजाचं चित्र असलेली वही काढून माझ्या हातात दिली. "तूच बघ रे अनंता. त्या पानार दोरो घालून ठेवलोहा. रोज काढून बघतत आणि परत ठेवतत."

मी आधी मागची पानं उलटली. सोळा ऑक्टोबर: जयवंतच्या आठ विकेट, प्रत्यक्षात पाच होत्या. पुढचे सगळे रविवार जयवंत गावाला असूनही या वहीत खेळत होता. मी सत्तर केल्या होत्या, एकदा नव्वद. दोरा घातलेलं पान अकरा डिसेंबरचं होतं. मला वाटलं, इथे काकांनी सीमारेषेवर सूर मारून झेल घेतला असणार. नाहीतर शेवटच्या चेंडूवर सिक्स तरी. बत्तीस वर्षं थांबलेला माणूस, त्याने स्वतःला काय म्हणून कमी द्यावं?

पानावर खरीखुरी मॅच होती. मी बारा धावांवर आऊट झालो होतो, खरा झालो होतो तसा. एकही धाव वाढवलेली नव्हती. जयवंतचं नाव नव्हतं. सगळ्यात खाली, त्या गोल अक्षरात:

अकरा. राजाराम घाडी. फलंदाजी नाही. गोलंदाजी नाही. एक चेंडू अडवला.

त्याच्या खाली पट्टीने आखलेली एक रेघ होती आणि रेघेपुढे लिहिलं होतं, कॅप्टनची सही. वहीत दुसऱ्या कुठल्याच पानावर अशी रेघ नव्हती. जागा कोरी होती. डिसेंबरपासून कोरी होती.

काका झोपेत होते. काकू मशीनवर परत बसल्या होत्या. मी खिशातलं पेन काढलं, पहिल्या नावापासून अकराव्या नावापर्यंत सगळी यादी एकेक करून वाचली, आणि मग सही केली.